पप्पा डिपोर्ट होऊन घरी आले, आता काय करायचं: घरातल्या मोठ्या पोरापोरींसाठी

मी हे अशा मुलांसाठी लिहितेय ज्यांचे पप्पा (कधी मम्मी पण) बाहेरच्या देशातून डिपोर्ट होऊन आलेत किंवा अजून तिकडेच अडकलेत, आणि भावंडांत मोठं मूल तूच आहेस. मोठ्या माणसांना सांगणारे ढीगभर असतात, काका, मामा, एजंट, वकील, पण सतरा वर्षांच्या पोरीला कोणी सांगत नाही की उद्या सकाळी उठून नेमकं करायचं काय. मला पण कोणी सांगितलं नव्हतं, निम्म्या गोष्टी मी चुकत चुकत शिकले, त्या चुका पण सांगते.

आमचं घर नाशिकला सिडकोत, पवननगरच्या बाजूला. पप्पा पाइप फिटर, सातपूरच्या आयटीआयचे, आधी अंबडला कंपनीत होते आणि मग सौदीला जुबेलला गेले ते नऊ वर्षं. दर दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी, तेवढीच आमची ओळख. २०१८ च्या फेब्रुवारीत एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला, मुंबई नाक्यावरच्या कुठल्या तरी टपरीवाल्याचा फोन होता तो, पलीकडे पप्पा, "मी आलोय, कोणाला तरी पाठव." विमानतळावरून लोकलने कसारा, कसाऱ्याहून शेअर टॅक्सी, आणि त्या टॅक्सीवाल्याला द्यायला खिशात पैसे नाहीत. हातात एक पिशवी. माझी बारावीची बोर्डाची परीक्षा दहा दिवसांवर आणि भाऊ सहावीत.

आधी डिपोर्ट म्हणजे काय ते नीट समजून घे

हे पहिलं का सांगतेय तर लोक विचारतात आणि आपल्याला उत्तर देता येत नाही म्हणून आपण मान खाली घालतो. चोरी मारामारी करून डिपोर्ट झालेले पण असतात, नाही असं नाही, पण गल्फमध्ये कितीतरी जणांचं प्रकरण निव्वळ कागदाचं असतं. सौदीत कामगाराचा इकामा, म्हणजे तिथे राहायचं कार्ड, ते रिन्यू करायचं काम मालकाचं, त्याला कफील म्हणतात. कफीलने रिन्यू केलं नाही तर चूक त्याची पण चेकिंगमध्ये सापडतो कामगार. पगार थकला म्हणून माणसाने दुसरीकडे काम धरलं की कफील त्याच्यावर हुरूब लावतो, म्हणजे हा पळून गेला अशी सरकारकडे नोंद, आणि पप्पांच्या वेळी ती लागली की तो माणूस एका दिवसात बेकायदेशीर व्हायचा. मग पकडला की तरहील, म्हणजे डिपोर्टेशन सेंटर, आणि तिथून विमान.

आमच्या पप्पांचं डिट्टो हेच झालं. वाईट ह्याचं वाटतं की २९ मार्च २०१७ पासून सौदी सरकारने ९० दिवसांची माफी दिली होती, त्यात स्वतःहून निघून गेलेल्याला दंड पण नव्हता आणि परत येण्यावर बंदी पण नाही. पप्पा गेले नाहीत कारण सात महिन्यांचा पगार अडकलेला आणि कंपनीतला साहेब म्हणायचा पुढच्या महिन्यात देतो, पुढच्या महिन्यात देतो. पगार मिळाला नाहीच, वर जानेवारीत पकडले गेले. बोटांचे ठसे घेऊन पाठवतात त्यामुळे लगेच दुसऱ्या नावाने जाऊ वगैरे जे लोक सांगतात ते डोक्यातून काढून टाक.

अमेरिकेतून येतात त्यांचं अजून वेगळं, ५ फेब्रुवारी २०२५ ला तिकडच्या लष्कराच्या विमानाने १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले, त्यात ३ आपल्या महाराष्ट्रातले होते. टीव्हीवर त्या लोकांचे बेड्या घातलेले व्हिडिओ चालू झाले आणि पप्पांनी न बोलता चॅनल बदललं. सात वर्षं झाली होती तेव्हा त्यांना येऊन.

अजून तिकडेच अडकले असतील तर

रडारड घरात चालूच राहणार, तू एक फाइल कर. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा, इकाम्याचा फोटो, कंपनीचं नाव, कॉन्ट्रॅक्ट असेल तर ते, कुठल्या शहरातल्या तरहीलमध्ये आहेत आणि त्यांच्यासोबत रूमवर राहणाऱ्या दोन जणांचे नंबर. हे सगळं मम्मीच्या व्हॉट्सअॅपमध्ये जुन्या फोटोंत कुठेतरी पडलेलं असतंच, शोधायला लागतं फक्त. हे घेऊन परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकायची, २०१५ पासून आहे ते, तक्रारीचा नंबर मिळतो तो वहीत लिहून ठेव. प्रवासी भारतीयांसाठी टोल फ्री नंबर पण आहे, १८०० ११ ३०९०. जुबेल, दम्माम, रियाध ही सगळी बाजू रियाधच्या दूतावासाकडे, जेद्दाची बाजू तिथल्या वकिलातीकडे, हे माहीत असलं की आठ दिवस चुकीच्या ठिकाणी मेल करण्यात जात नाहीत (माझे गेले).

पासपोर्ट कफीलकडे अडकला असेल तर दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, फक्त एकदा भारतात यायला चालणारा कागद, कामगार त्याला आउटपास म्हणतात. तिकिटाला खरंच पैसे नसतील तर दूतावासाकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातून मदत मागता येते, पण मागावी लागते, आपोआप कोणी देत नाही.

आणि ह्या काळात एक माणूस हमखास उगवतो जो म्हणतो माझी तिकडे ओळख आहे, चाळीस हजार द्या, आठ दिवसात सोडवून आणतो. आमच्या आत्याने दिले. पप्पा आले ते सरकारी कागदावर आले, त्या माणसाचा त्यात काडीचा संबंध नव्हता, पैसे आजपर्यंत परत नाहीत आणि आत्या अजून दिवाळीला तोंडावर म्हणते की तुझ्या बापासाठी मी बांगडी मोडली. तर असं कोणी आलं की मम्मीला आतल्या खोलीत नेऊन सांग, आधी पोर्टलवरच्या तक्रारीचं काय झालं ते बघू.

पगार अडकला असेल तर त्यांना निघायच्या आधीच फोनवर सांग की दूतावासात पगाराची तक्रार लेखी देऊन या आणि तिकडच्या एखाद्या विश्वासातल्या माणसाला किंवा दूतावासाला अधिकारपत्र देता येतं का विचारा. सौदीत कामगाराच्या दाव्याला काम संपल्यापासून १२ महिन्यांची मुदत आहे. आम्ही "आधी जरा सेटल होऊ मग बघू" करत बसलो आणि वर्ष उलटून गेलं.

घरी आल्यावरचे पहिले आठ दिवस

पैशाचं विचारू नका. खरंच. मम्मीला पण सांग. पहिल्या संध्याकाळी आमच्याकडे मामाने विचारलं, "भाऊजी, हिशोबाचं काय झालं?" आणि पप्पा ताटावरून उठले ते दोन दिवस नीट जेवले नाहीत.

अंघोळ, साधं वरणभात, झोप. तरहीलमध्ये एका खोलीत खूप माणसं कोंबलेली असतात त्यामुळे अंगाला खाज, खोकला असं काही घेऊन येतात, लाजून सांगत नाहीत. पप्पांना खरूज होती. ते लपवत राहिले आणि पंधरा दिवसात आम्ही चौघं खाजवतोय. डॉक्टर म्हणाले खरजेला घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावायचं आणि चादरी कपडे गरम पाण्यात धुवायचे, एकट्याने लावून उपयोग नाही. तर चौथ्या पाचव्या दिवशी दवाखान्यात न्याच, खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

शेजारपाजारच्यांसाठी घरात सगळ्यांनी मिळून एक वाक्य ठरवा. आमचं होतं, "तिकडचं काम संपलं, आता इकडेच बघणार आहेत." खोटं नाही आणि पुढे विचारायला जागा पण नाही. कोणी जास्त खोदायला लागलं तर चहा घेणार का विचारायचं.

लहान भावंडाला मात्र तेच वाक्य देऊन चालत नाही. मी इथे मोठी चूक केली, भावाला सांगितलं पप्पा मोठ्या सुट्टीवर आलेत. तो वर्गात सांगत सुटला की आता पप्पा मला सायकल घेणार, मग तिसऱ्या महिन्यात कोणीतरी त्याला म्हणालं तुझे पप्पा जेलमधून आलेत, आणि तो घरी येऊन माझ्याशी बोलेना, पप्पांशी नाही, माझ्याशी, कारण खोटं मी बोलले होते. त्याला शेवटी गच्चीवर नेऊन सांगितलं की पप्पांच्या मालकाने त्यांचं कार्ड रिन्यू केलं नाही, पोलिसांनी कार्ड नाही म्हणून ठेवून घेतलं आणि मग घरी पाठवलं, पप्पांनी कोणाचं काही घेतलेलं नाही. त्याने दोनच प्रश्न विचारले, मारलं का त्यांना, आणि ते परत जाणार का. पहिल्याचं मला माहीत नव्हतं, तसंच सांगितलं. अकरा बारा वर्षांच्या मुलाला एवढं झेपतं, आपल्यालाच वाटतं झेपणार नाही. अगदी लहान, बालवाडीतलं असेल तर "पप्पा आता घरीच राहणार" एवढं पुरे.

वही

दोनशे पानी वही घे. मोबाइलमध्ये नको, मोबाइल फक्त तुला दिसतो आणि वही सगळ्यांना. पहिल्या पानावर कोणाला किती द्यायचंय, दुसऱ्यावर दर महिन्याला काय काय जातं, तिसऱ्यावर घरात काय येतं. आमचं तिसरं पान मम्मीच्या शिलाईचे पैसे सोडले तर कोरं होतं. ते बघून मला रडू आलं पण त्याच दिवसापासून रात्रीची झोप लागायला लागली, का कोण जाणे, आकडा डोक्यात फिरत असतो तेव्हा तो खऱ्यापेक्षा मोठा वाटतो बहुतेक.

देण्यांमध्ये सगळ्यात आधी घराचा हप्ता. ९० दिवस हप्ता थकला की बँक खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, करते आणि मग भाषाच बदलते त्यांची. म्हणून पहिला हप्ता चुकायच्या आधी मम्मी पप्पांपैकी एकाला घेऊन शाखेत जायचं, लेखी अर्ज द्यायचा की कमावत्या माणसाची नोकरी गेलीय, मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, आणि अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का घ्यायचा. आम्ही चार महिने बँकेचे फोन उचलायचेच नाही, मग जे व्हायचं ते झालं, मम्मीची पोत गहाण गेली. बाहेरून पैसे यायचे ते एनआरई खातं, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं, असेल तर कायमचं परत आल्यावर ते साधं खातं करून घ्यायला लागतं, त्याच फेरीत ते पण उरकून टाका.

खाजगी सावकाराकडे जायची वेळ आली तर लायसन बघायला मागा. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, विनापरवाना सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. कोरा चेक, कोरा स्टँप पेपर कोणालाच नाही, सख्ख्या काकाला पण नाही.

आणि हे नीट वाच. अठराच्या आत तुझी सही कुठल्याही करारावर चालत नाही, कायद्यातच आहे. त्यामुळे तोवर कोणी मागत नाही. पण अठरा पूर्ण झाले की त्याच आठवड्यात कोणीतरी येतं, बेटा आता तू मोठी झालीस, इथे जामीनदार म्हणून सही कर. माझ्या वाढदिवसाला केक नव्हता पण फॉर्म आला होता. मी म्हटलं पप्पांना विचारून सांगते आणि कधीच सांगितलं नाही. पप्पांचं कर्ज वहीत तू लिहायचं, अंगावर तू घ्यायचं नाही, एवढा फरक धरून ठेव.

मदत काय काय मिळते त्याची एक फेरी मार. उत्पन्न कमी झालंय तर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला नव्याने काढा, आपले सरकार केंद्रातून अर्ज होतो, हा एक कागद पुढे दहा ठिकाणी लागतो. गल्फच्या पगारावर काढलेलं पांढरं रेशनकार्ड असेल तर वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत आल्यावर केशरीसाठी अर्ज करता येतो. वडील तिकडे जेलमध्ये आहेत किंवा आजारी पडून सांभाळू शकत नाहीत अशा घरातल्या अठराच्या आतल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये, त्यात बसतो का ते जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. आम्हाला तेव्हा नावच माहीत नव्हतं ह्या योजनेचं. मम्मीला लाडकी बहीणचे १५०० मिळतात आता, तेव्हा तेही नव्हतं. कायद्याची भानगड असेल तर नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळ जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, बायका आणि मुलांना वकील फुकट, फोन १५१००.

शाळा सोडायची नाही, पण कशी

लहान भावंडाची फी ही पहिली अडचण. इंग्लिश मीडियमची फी झेपत नसेल तर वर्ष संपल्यावर अनुदानित शाळेत सेमीला टाका, त्यात कमीपणा काही नाही, माझा भाऊ सातवीला गेला तसा आणि तिथेच त्याचं गणित सुधारलं. थकलेल्या फीसाठी दाखला अडवून धरतात कधी कधी. पहिली ते आठवीच्या मुलाला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दाखला नाही म्हणून दुसरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. हे भांडून नाही, शांतपणे सांगायचं, शक्यतो लेखी. आणि वर्गशिक्षकांना घरची परिस्थिती खरी खरी सांग, एका शिक्षकाला, सगळ्या स्टाफरूमला नाही.

तुझं स्वतःचं. मी बोर्डाची परीक्षा दिली, कशी दिली मलाच माहीत, ५८ टक्के पडले. तेव्हा सगळे म्हणत होते यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बस. मी म्हणेन दे. मार्क कमी पडतील पण पुढच्या वर्षी घर अजून तुझ्या अंगावर पडलेलं असतं, बसणं होत नाही. शाळा मधेच सुटलीच असेल तर दहावी बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. कॉलेजला पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कमवा आणि शिका आहे, तासाप्रमाणे पैसे मिळतात, वाचनालयात पुस्तकं लावायची, ऑफिसात नोंदी करायच्या असली कामं. आणि मुक्त विद्यापीठ तर आपल्या नाशिकचंच, गंगापूर धरणाच्या रस्त्याला, १९८९ सालचं, मी बीकॉम तिथूनच केलं, दिवसभर काम आणि रविवारी अभ्यासकेंद्र. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, स्कॉलरशिपचा फॉर्म दर वर्षी तारखेच्या आत भर, तो उत्पन्नाचा दाखला इथे कामाला येतो बघ.

काम करायचं असेल तर चौदाच्या आत कुठेच कामाला ठेवता येत नाही, चौदा ते अठरा धोक्याच्या कामावर नाही. एमआयडीसीत ठेकेदार वय लिहून घेताना एकोणीस लिही म्हणतो, लिहू नकोस, उद्या मशीनमध्ये बोट गेलं तर तो म्हणणार पोरीने खोटं वय सांगितलं. मी आधी पहिली ते चौथीच्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या, चाळीच्या मागच्या मंदिराच्या ओट्यावर, आणि लग्नसराईत मेंदी. फार नाही यायचे पण गॅसची टाकी निघायची.

आता पप्पांचं

हा भाग लांबणार आहे कारण खरी गोष्ट हीच आहे. सगळ्यांना वाटतं पप्पा आले म्हणजे घराला आधार आला. सुरुवातीला तसं होत नाही. खाणारं एक तोंड वाढतं, पैसे बंद होतात, आणि घरात एक मोठा माणूस असतो ज्याला ह्या घरात बसायची जागा कुठली तेच माहीत नसतं. नऊ वर्षं मम्मीने घर चालवलं, दूधवाला, महावितरणचं बिल, पालकसभा, माझी पाळी, भावाचा टायफॉइड, आणि ते सगळं पप्पांनी आयमोच्या कॉलवर ऐकलेलं. आणि आता ते दिवसा झोपायचे, रात्री जागायचे, शुक्रवारी सकाळी कपडे इस्त्री करून बसायचे कारण तिकडे शुक्रवार सुट्टीचा. दुधाचा चहा प्यायचे नाहीत, काळाच. दारावर कोणी आलं की आतल्या खोलीत.

मी काय केलं तर मी पप्पा व्हायला गेले. खर्चावरून त्यांनाच बोलायचे, सिगरेट किती झाली विचारायचे, भावाला त्यांच्यासमोर रागवायचे. एकदा रेशनच्या दुकानावरून आले आणि त्यांना म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय इथलं, राहू द्या." ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मम्मीला म्हणाले, "माझ्या घरात मी पाहुणा झालोय." मी भिंतीपलीकडून ऐकलं. तेव्हा मला राग आला होता त्यांचा, की पाहुण्यासारखं तर तुम्हीच वागताय. राग यायचाच, तुला पण येईल, तो आला म्हणून आपण वाईट होत नाही. फक्त त्या रागात घराची सूत्रं हातात घेऊन बसायचं नाही.

तर करायचं असं. कामं तू कर पण त्यांची खुर्ची रिकामी ठेव. म्हणजे निर्णयाचं असेल ते "मी ठरवलंय" नाही, "मम्मी आणि मी असं म्हणतोय, तुम्हाला काय वाटतं" असं विचार, ते "तुम्हीच बघा" म्हणतील, म्हणू दे, पुढच्या वेळी परत विचार. आणि एकेक काम त्यांच्या हातात सरकवत जा, छोट्यापासून. आमच्याकडे दुधाचा हिशोब पहिला. मग गॅस बुकिंग. मग भावाला शाळेत सोडणं, ते मी मुद्दाम केलं, सकाळी साताला सोडायचं म्हणजे रात्री झोपायला लागतं. महिनाभर कुरबुर केली आणि मग एके दिवशी शाळेच्या गेटवर दुसऱ्या कोणाच्या पप्पांशी बोलत उभे दिसले. तो माणूस सातपूरला फॅब्रिकेशनचं छोटं शेड चालवायचा. पुढचं काम त्याच्याकडेच मिळालं, गेट ग्रील, पंधरा हजारावर. तिकडे फोरमन असलेल्या माणसाला पंधरा हजार म्हणजे किती लागलं असेल, पण गेले.

पैशाची वही सगळ्यात शेवटी दे आणि एकदम देऊ नकोस. आम्ही महिन्याच्या एक तारखेला चौघं बसायचो, भाऊ पण, वही मधे. सुरुवातीला पप्पा दुसरीकडे तोंड करून बसायचे.

काय बघून सावध व्हायचं ते पण सांगते. दोन तीन आठवड्यांनी पण झोप लागत नाही, जेवण तुटलंय, दारू वाढलीय, "मी नसतो तर बरं झालं असतं" असलं काही बोलतात, हात उचलतात, तर हे घरात तुझ्याच्याने निस्तरायचं काम नाही. टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, २०२२ ला चालू झाला, मराठीत बोलतात, घरचं माणूस पण फोन करू शकतं. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून जाता येतं. पप्पा चला म्हटलं तर येणार नाहीत, आमचे आले ते "झोपेची गोळी लिहून घेऊ" म्हणून आले. मारहाण होत असेल आणि तू अठराच्या आत आहेस तर मुलांची हेल्पलाइन १०९८, दिवसरात्र चालू असतो.

आणि तू

तुला कोणी विचारणार नाही, कारण तू "समजूतदार" आहेस. हा शब्द ऐकला की सावध हो, त्याच्या मागून एखादं काम येतंच. आठवड्यातले दोन तास तुझे ठेव आणि घरात जाहीर करून ठेव, चोरून नाही. मी गुरुवारी शालिमारजवळच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायचे, १८४० सालचं आहे ते, तिथे कोणी काही विचारत नाही. वाचायचे कमी, नुसती बसायचेच जास्त. मैत्रिणींपैकी एकीला तरी सगळं खरं माहीत असू दे. लग्नाची स्थळं आणायला लागतील नातेवाईक, "एक ओझं कमी होईल" म्हणून, अठराच्या आत तर तो गुन्हाच आहे आणि अठरानंतर तुझी मर्जी, १०९८ इथे पण चालतो.

परत जायचं म्हणाले तर

म्हणतीलच. साधारण वर्षाने, इकडचा पगार आणि तिकडचा पगार ह्यांची बेरीज वजाबाकी करून. तेव्हा नाही म्हणून उपयोग नसतो. विचार, एजंट सरकारच्या ई-मायग्रेट साइटवरच्या यादीत आहे का, फी किती सांगतोय, कारण कायद्याने ३० हजार आणि वर जीएसटी एवढीच घेता येते आणि पावती द्यावी लागते, आणि ज्या देशातून काढलंय तिथली बंदी किती वर्षांची हे एजंटच्या तोंडून नाही, लेखी कुठे आहे. आउटपासवर आलेल्यांना नवीन पासपोर्टच्या वेळी त्या कागदाबद्दल विचारतात, विमानतळावर तो कागद काढून घेतात कधी कधी, म्हणून आधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांग. व्हिजिट व्हिसावर जा मग तिकडे बदलू असं कोणी म्हणालं की तिथेच विषय बंद, हुरूबची गोष्ट परत पहिल्यापासून सुरू होते ती.

आमचे पप्पा अजून काढतात विषय, ओमानचं काहीतरी आलंय म्हणतात मित्राचं. मी वही पुढे करते. आता ती त्यांच्याच अक्षरात असते, मागच्या वर्षी नवीन घेतली, ते स्वतः जाऊन मेनरोडवरून घेऊन आले, आणि पहिल्या पानावर देण्यांच्या यादीत आत्याचे चाळीस हजार त्यांनी सगळ्यात वर लिहिलेत, त्यातले बावीस फिटलेत.